मला फलक म्हणू नका

मी पाट बोलतोय. बसायचा पाट. जेवताना, न्हाताना, औक्षणाला खाली घेतात तो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गेली अकरा वर्षं आमचे मालक मला 'फलक' म्हणतात आणि त्यांच्याकडे येणारे चार-दोन विद्वान 'पट्टिका' म्हणतात. मी दोन्ही नावांना कधी ओ दिलेली नाही.

लाकूड कडुनिंबाचं. दुधनीच्या एका शेताच्या बांधावर मी झाड म्हणून उभा होतो. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा रंभाबाईंच्या वडिलांनी मला तोडलं आणि जोडीचे दोन पाट करवून घेतले. लिंबाला वाळवी लागत नाही, एवढाच त्यांचा विचार. तेव्हा माझं बोलणं कुणाला कडू लागलं, तर त्यात माझा दोष नाही.

नवरी एका पाटावर बसली, नवरा माझ्यावर. नवऱ्याचं नाव सयाजी. भूगोलाचे शिक्षक. त्या दिवशी मंगलाष्टकं चालू असतानाही ते भटजींना दिशा कशी चुकली हे सांगत होते, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

पुढची वर्षं मात्र चांगली गेली. रंभाबाईंनी माझ्यावर बसून भाकरी थापल्या. लेक प्रियंका झाली, तेव्हा तिला पायावर घेऊन न्हाऊ घालायला त्या माझ्यावरच बसायच्या. तिच्या अंगाचं तेल माझ्यात मुरलंय, अजूनही उन्हात ठेवलं की वास येतो. पुढे ती माझ्यावर मांडी घालून गृहपाठ करायची आणि अडलं की पेनाच्या टोकानं मला टोचायची. त्याचं मला काही वाटलं नाही. पाटाचं आयुष्य असंच असतं.

सर निवृत्त झाले आणि घर जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये आलं. डायनिंग टेबल आलं. आम्ही दोघे पाट माळ्यावर गेलो. तिथेच राहिलो असतो तर बरं झालं असतं, पण रिकाम्या वेळात सरांनी मोबाइलवर एक कार्यक्रम पाहिला. पॅसिफिक महासागरात ईस्टर नावाचं एक बेट आहे. तिथल्या जुन्या लोकांनी लाकडी फळ्यांवर एक चित्रलिपी कोरून ठेवली, तिला रोंगोरोंगो म्हणतात. ती आजवर कुणालाही वाचता आलेली नाही. एका फळीवर चंद्राच्या रात्री ओळीनं मांडल्यात, म्हणजे ते महिन्याचं कॅलेंडर असावं, इतकंच काय ते जाणकार मान्य करतात.

जगात कुणाला वाचता आलेली नाही, हे ऐकून सर खुर्चीत ताठ बसले. छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, घरात पंचांग आहे, डोक्यावर आकाश आहे, मग अडतं कुठे, असं ते रंभाबाईंना म्हणाले. रंभाबाई तेव्हा मेथी निवडत होत्या. त्यांनी मान हलवली. ती मान त्यांनी होकारासाठी हलवली असं सरांनी धरलं, तिथून सगळं सुरू झालं.

ती लिपी वाचणारी माणसं काही विसरभोळी नव्हती. बाहेरच्यांनी जहाजं आणून त्यांना पकडून नेलं, जी परत आली त्यांच्याबरोबर रोग आले, आणि वाचणारं कुणी उरलं नाही. मी हे सरांच्याच तोंडून ऐकलं. त्यांच्या चारशे पानी हस्तलिखितात या गोष्टीला दीड ओळ आहे. पंचांगाच्या थोरवीला बावीस पानं आहेत.

चित्रावर बोट फिरवल्याशिवाय लिपी बोलत नाही, असं सरांचं मत पडलं. म्हणून त्या फळीची प्रतिकृती हवी. माळ्यावरून मला काढलं, स्कूटरवर पायाशी उभं केलं आणि होटगीला जोतिराम सुताराकडे नेलं. फोटोच्या छापील प्रती जोतिरामपुढे ठेवल्या. एक ओळ सुलटी, दुसरी उलटी, ओळ संपली की फळी फिरवायची, असं सर तासभर समजावत होते. बैल बांधाला जाऊन वळतो तसंच की, म्हणून जोतिरामनं ते एका वाक्यात मिटवलं.

मग पटाशी आली. पंचवीस वर्षं माणसांच्या बुडाखाली राहूनही जो सपाटपणा मी जपला होता, तो आठ दिवसांत गेला. आठ ओळी कोरल्या. पक्षी, मासे, हात वर केलेली माणसं, पोट पुढे आलेल्या बाया आणि चंद्राच्या कोरीच कोरी.

माझ्या डाव्या कोपऱ्यात एक गाठ आहे. झाड असताना तिथे फांदी होती. तिथे जोतिरामची पटाशी सरकेना. छापील प्रतही त्या जागी नेमकी पुसट होती. जोतिरामनं दोनदा प्रयत्न केला, शिवी हासडली, बाहेर त्याच्या भावाची मेंढरं बांधली होती तिकडे बघितलं आणि गाठीच्या कडेकडेनं एक मेंढरू कोरून मोकळा झाला. जागा भरली. सरांना सांगायचं राहून गेलं. मला सांगता येत असतं तर मी सांगितलं असतं का? बहुतेक नसतं.

सरांनी मला हॉलच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर टांगलं आणि वाचायला सुरुवात केली. छापील प्रती रद्दीत गेल्या. मूळ फळी जगाच्या दुसऱ्या टोकाला एका कपाटात, आणि सर वाचतायत ते जोतिरामचं हस्ताक्षर. पाहुण्यांना ते सांगत की मी त्या काळात जाऊन बसतो. बसत ते सोफ्यावरच.

तिसऱ्या वर्षी त्यांना कोपऱ्यातलं मेंढरू सापडलं. दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की, त्या बेटावर त्या काळी मेंढ्या नव्हत्या. तरी चिन्ह मेंढ्याचं आहे. अर्थात हे जमिनीवरचं मेंढरू नव्हे, आकाशातलं आहे. ही मेष रास! आणि मेष रास तिथे गेली म्हणजे आपलं ज्योतिष तिथे गेलं. मेंढराचं एक शिंग अर्धंच आहे, त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. अश्विनी नक्षत्रातली एक चांदणी मंद आहे, ती अशी दाखवली. या एका चिन्हावर त्यांनी चौतीस पानांचं प्रकरण लिहिलं आणि वर 'निर्णायक पुरावा' असा मथळा दिला. मी भिंतीवर होतो म्हणून, नाहीतर त्या दिवशी हसून तडकलो असतो.

चंद्राचं वाचन आणखी सोपं. आपल्याकडे दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं की वाढत्या चंद्राचं पोट उजवीकडे असतं आणि उतरत्याचं डावीकडे. माझ्यावरच्या कोरींची पोटं पाहून सरांनी पक्ष लावले. डावं पोट म्हणजे वद्य, उजवं म्हणजे शुद्ध. पोटुशा बायांच्या आठ आकृत्या डाव्या पोटाच्या कोरींशेजारी आहेत, म्हणून बाळंतपणाच्या रात्री वद्य पक्षात. सगळं कसं जागच्या जागी बसलं. आपण सोलापूरच्या गच्चीवर उभे आहोत आणि ते बेट विषुववृत्ताच्या पलीकडे आहे, ही गोष्ट भूगोलाच्या शिक्षकाला अकरा वर्षांत एकदाही आठवली नाही.

इथवर हा एका माणसाचा खुळा नाद होता. असले नाद बरेच जण करतात, कुणी नाणी जमवतं, कुणी आजार. पण मागल्या वर्षी प्रियंकाला दिवस गेले.

प्रियंका लग्नानंतर न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये राहते. ती आणि नवरा, दोघंच. डॉक्टरांनी चार ऑगस्ट तारीख दिली होती. रंभाबाईंनी जायचंच ठरवलं होतं. पहिलं बाळंतपण, पोरगी परमुलखात, आई जवळ नको का? इथल्या दोघांचे व्हिसा झाले. आणि सरांना पत्र आलं की सतरा ऑगस्टच्या परिषदेत त्यांना निबंध वाचायला बोलावलंय. अकरा वर्षांत पहिलंच बोलावणं.

सर म्हणाले, परिषद करून निघू. रंभाबाई म्हणाल्या, बाळ थांबेल का तोवर? यावर सरांनी जे उत्तर दिलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. डॉक्टरांची तारीख पंधरा दिवस इकडेतिकडे होते, असं ते म्हणाले. श्रावण वद्य लागतं परिषदेच्या आठवडाभर आधी, ते पुढं अमावास्येपर्यंत. त्या बेटावरच्या लोकांनी शतकानुशतकं बघून बाळंतपणाच्या रात्री वद्यात मांडल्यात, आणि प्रियंका त्याच महासागरात राहते. तेव्हा घाई नको.

पाटाच्या आयुष्यात अपमानाचे प्रसंग पुष्कळ येतात. माझ्यावर उभं राहून लोकांनी बल्ब बदललेत. पण आईला लेकीपासून अडवायला कुणी माझा उपयोग केला नव्हता. त्या दिवसापासून मला या माणसाची चीड आली.

रंभाबाई भांडल्या नाहीत. त्या रोज लेकीला फोन करत. बोलून बोलून किती बोलणार, मग त्या म्हणायच्या, चंद्र तरी दोघींना एकच दिसतोय, तोच दाखव. आषाढातल्या पंचमीला प्रियंकानं संध्याकाळी घराबाहेरून स्वतःसकट चंद्राचा फोटो पाठवला. तिथे संध्याकाळ म्हणजे आपले सकाळचे अकरा. रंभाबाईंनी पोळी लाटता लाटता फोटो बघितला आणि पोळी तव्यावर तशीच राहिली. करपलेला वास हॉलपर्यंत आला.

त्या दिवशी संध्याकाळी ढग जरा फाटले, तेव्हा त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. आत आल्या, स्टुलावर चढल्या आणि मला खिळ्यांवरून उतरवलं. अकरा वर्षांनी त्यांचा हात लागला. मग त्या सरांच्या टेबलाशी आल्या.

"अहो, तिकडं चंद्र उलटा हाय," त्या म्हणाल्या. "वाढता चंद्र हाय, पंचमीचा, आन पोट डावीकडं. हितं मी आत्ता बघून आले, उजवीकडं हाय."

सरांनी फोटोकडे बघितलं आणि हसले. सेल्फीच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. वर्गातल्या आवाजात.

"मग मागच्या दुकानाच्या पाटीवरचा आकडा सरळ कसा?"

 मी सरांच्या समोर टेबलावर होतो, मी त्यांचा चेहरा नीट बघितला. त्या क्षणाला त्यांना कळलं. छत्तीस वर्षांचा भूगोल एकदम परत आला. तिकडे चंद्र उत्तरेला बघायचा, म्हणून डावं-उजवं बदलतं. माझ्यावरचं सगळं शुद्ध वद्य झालं आणि सगळं वद्य शुद्ध.

रंभाबाईंनी पोटुशा बायांवर बोट ठेवलं. "म्हंजे तुमच्याच हिशेबानं पोरीचं बाळंतपण शुद्धात. तुमच्या सभेच्या आदी. मला तुमचा फलक खरा का खोटा, काय बी ठाव न्हाय. पर उद्या तिकीट काढा."

पाहून सांगतो, असं सर म्हणाले. मूळ फोटो तपासावे लागतील, घाईनं निष्कर्ष काढणं शास्त्रात बसत नाही. मग ते खुर्ची फिरवून बसले.

चूक मी समजू शकतो. मी स्वतः एक पाय आखूड असलेला पाट आहे, चुकीचं मोजमाप म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण समोर दिसत असून खुर्ची फिरवणं वेगळं. त्या माणसाची बायको लेकीसाठी रडकुंडीला आली होती आणि तो आपली चारशे पानं वाचवत बसला होता.

जावयानं तिकडून तिकीट पाठवलं, एकटीचं. दुधनी आणि सोलापूर यांच्यापलीकडे रंभाबाई एकट्या कधी गेल्या नव्हत्या. बॅगेत त्यांनी डिंकाचे लाडू भरले, बाळंतशेपा भरल्या आणि माझा जोडीदार पाट साडीत गुंडाळून घातला. निघताना त्यांनी माझ्याकडे बघून सरांना सांगितलं, "तुमचा फलक तुमाला ठेवलाय. माझा पाट मी नेते."

तिथल्या विमानतळावर लाकूड म्हटल्यावर त्याला उलटासुलटा तपासला म्हणे. कशासाठी आहे असं विचारलं. रंभाबाईंनी हातांवर बाळ झुलवून दाखवलं, तेव्हा त्याला आत सोडलं. त्याच्या नशिबाचा मला हेवा वाटतो, हे मी लपवत नाही.

बाळ चार ऑगस्टला झालं. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला. माझं कॅलेंडर, सरांचं पंचांग आणि मेष रास, कुणाचाही त्यात हात नव्हता. मुलगी झाली. रंभाबाई आठवडाभर आधी पोचल्या होत्या. बाळंतपण अवघड गेलं, प्रियंकानं आईचा हात पहाटेपर्यंत सोडला नाही, असं फोनवर कळलं. सर उभ्यानं ऐकत होते.  रंभाबाईंनी एक फोटोही पाठवला. दवाखान्याच्या छपरावर वाढता चंद्र, पोट डावीकडे. आणि लिहिलं होतं, शेजारच्या, तिथल्याच मूळच्या लोकांतल्या माउलीच्या फ्रिजवर चंद्राच्या सगळ्या रात्रींचं कॅलेंडर आहे, प्रत्येक रात्रीला नाव आहे, आणि विचारलं की ती सांगते. अकरा वर्षांत त्या महासागरातल्या एकाही जिवंत माणसाला काही विचारावं, असं सरांच्या डोक्यात आलं नव्हतं.

तरी त्यांनी निबंध वाचला. एक शब्द न बदलता. मला मखमलीवर ठेवलं होतं. लोक माझ्याबरोबर फोटो काढून गेले. एका मुलीनं उठून विचारलं, सर, दक्षिण गोलार्धात चंद्र उलटा दिसतो ना, मग हे पक्ष? सर म्हणाले, प्रश्न फार चांगला आहे, आणि अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. मग शाल आणि श्रीफळ झालं. घरी येऊन सरांनी शाल खुर्चीवर टाकली आणि दुपारचा भात ताटलीत घेऊन उभ्यानं खाल्ला. मला कीव आली का? नाही आली.

या संक्रांतीला प्रियंका बाळाला घेऊन रंभाबाईंबरोबर आली. नाव संस्कृती ठेवलंय. सहावा महिना लागलाय, धरलं की बसते. बोरन्हाणाचं ठरलं. काळं झबलं आलं, हलव्याचे दागिने आले, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आले. आणि लक्षात आलं की घरात पाट नाही. जोडीदार ऑकलंडला. टेबल-खुर्चीच्या घरात दुसरा कुठून येणार? मग सगळ्यांनी वर भिंतीकडे बघितलं.

सरांनी स्वतः मला उतरवलं. रंभाबाई वर कापडाची घडी टाकायला निघाल्या, तर सर म्हणाले, राहू दे, फोटोत चिन्हं दिसू देत. तेव्हाही. मी अक्षरशः थक्क झालो.

पोरीला माझ्यावर बसवलं. गरम, मऊ, तेलानं माखलेल्या मांड्या. एकतीस-बत्तीस वर्षांनी तो वास ताजा आला आणि मी सगळं विसरलो. डोक्यावरून बोरं पडू लागली. दोन मिनिटं ती हसली, मग तोंड वाकडं केलं आणि जी रडायला लागली ती थांबेना. लोकांना वाटलं बोरं लागली. मला माहीत होतं काय लागलं, आणि मी काहीही करू शकत नव्हतो. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

सरांनी तिला उचललं. कोवळ्या मांडीवर लालभडक कोर उमटली होती. शेजारी पोटुशी बाई, अर्धी.

रंभाबाई जवळ आल्या. आवाज चढवला नाही. "आता ही वाचा," म्हणाल्या.

 सरांनी त्या कोरीवर अंगठा हलकेच फिरवला, पुन्हा पुन्हा, जणू ती पुसली जाणार होती. "मी तेव्हाच यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, पण प्रियंकानं मान खाली घातली. ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्कूटर, पुन्हा होटगी. जोतिरामचे केस पांढरे झालेत. सरांनी मला त्याच्या बाकावर ठेवलं आणि रंधा मारायला सांगितलं. सगळं काढ, बाळाला बसायचंय. जोतिरामनं एकदा सरांच्या तोंडाकडे बघितलं आणि कामाला लागला. चंद्र निघाले. पक्षी निघाले, मासे निघाले. भुशाचा कडू वास सुटला. दुखलं थोडं, पण न्हाव्याकडे बसल्यासारखं बरं वाटत होतं. रंधा कोपऱ्याशी आला तेव्हा सरांनी हात आडवा घातला.

"एवढं एक राहू दे," ते म्हणाले. "बाकी सगळं चुकलं, जोतिराम. पण ही मेष रास तेवढी खरी आहे."

जोतिरामनं वाकून बघितलं. "कसली रास, सर? ह्ये मीच काडलंय की. हितं गाठ हुती, तुमचं चिन्न बसंना. मग आमच्या भावाचं मेंढरू काडलं."

सरांनी मेंढराच्या शिंगावर बोट ठेवलं. "आणि शिंग अर्धं का?"

"मोडलं हुतं त्याचं. लई भांडकुदळ हुतं."

चौतीस पानं. मी सरांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता, आणि मला वाटलं होतं तितकी मजा येत नव्हती. सर जोतिरामच्या भुशात खाली बसले. आणि मग हसायला लागले. आधी बारीक, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डोळे पुसून म्हणाले, राहू दे ते मेंढरू.

तर आता मी पुन्हा पाट आहे. थोडा पातळ, पण गुळगुळीत. चारशे पानं माळ्यावर माझ्या जुन्या जागी गेलीत. रथसप्तमीनंतर प्रियंका जाईल, आणि या वेळी तिकिटं बाळासकट चार आहेत. मी इथेच राहीन. तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला खाली काढा आणि त्याच्यावर एखादं पोर बसवा. त्याच्यावर काही कोरू नका, आणि मोठेपणाची नावं तर मुळीच देऊ नका.

सर माझ्याबद्दल काय म्हणतात ते मी अजून कान देऊन ऐकतो, सवयच आहे. आज सकाळी त्यांनी नातीला माझ्यावर बसवलं, तिचं बोट धरून कोपऱ्यावर टेकवलं आणि म्हणाले, "हे बघ बाळा, मेंढरू. मोडक्या शिंगाचं."

अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा बरोबर वाचलं.